इंजिन फिरवणारे काका

"इंजिन लागू द्या, मग पाहू." शेजारचे काका हे कशालाही म्हणत. वीजबिल असो, गणपतीची वर्गणी असो, नाहीतर स्वतःचं दुखणं असो. म्हणताना उजव्या हाताचं बोट आकड्यासारखं वाकवून हवेत काहीतरी अडकवल्यासारखं करत. नव्या माणसाला वाटे, हे रेल्वेतून रिटायर झाले असावेत. तसं काही नव्हतं. आदिलाबादच्या बाजारात त्यांचं साड्यांचं दुकान होतं. गुडघे धरल्यावर त्यांनी ते बंद केलं. रेल्वेशी त्यांचा संबंध काकूंना माहेरी पाठवण्यापुरताच आला होता.

मी या गल्लीत सून म्हणून आले, म्हणून ते मला सूनबाई म्हणत. गल्लीच्या तोंडाशी माझं मेडिकलचं दुकान आहे आणि त्यांच्या-आमच्या घराची भिंत एकच. भिंतीपलीकडचं कानावर येई आणि उरलेलं दुकानात कळे. तुम्हीही अशा गल्लीत राहिला असाल तर शेजाऱ्याची खबर कशी आपोआप ठेवली जाते ते तुम्हाला सांगायला नको.

काकूंचं माहेर किनवटजवळच्या खेड्यात. त्यांना विसरण्याचं दुखणं लागलं तेव्हा आधी भाजीत मीठ दोनदा पडू लागलं, मग मुलीचं नाव गेलं. किनवटची गाडी तेवढी राहिली. दिवेलागण झाली की काकू पिशवीत लुगडं, फणी आणि कुंकवाची डबी भरत आणि स्टेशनची वाट धरत. माहेरी कोणी उरलं नव्हतं, घरही विकलं गेलं होतं. पण हे सांगून उपयोग नव्हता. सांगितलं की आई गेल्याचं त्या आत्ताच कळल्यासारख्या रडत आणि रडून झालं की पिशवी उचलत.

ऑटोवाले त्यांना ओळखू लागले. "किनवट अम्मा" म्हणत आणि दारात आणून सोडत. एका संध्याकाळी मात्र त्या फलाटावर नव्हत्या. फलाट संपवून, रुळांमधल्या खडीवरून किनवटच्या दिशेनं चालल्या होत्या आणि समोरून मालगाडी येत होती. रुळावर काम करणाऱ्या एकानं दंडाला धरून ओढलं म्हणून वाचल्या. काका त्यांना घेऊन आले तेव्हा काकू चिडलेल्या होत्या. गाडी चुकली म्हणून.

मी काकांना म्हटलं, दाराला कुलूप लावा. तो सल्ला मला आजही चुकीचा वाटत नाही. त्यांनी लावलं. काकू तळहातांनी दार बडवत राहिल्या, हात सुजेपर्यंत. सकाळी काका मलम न्यायला आले आणि कुलूप माझ्या काउंटरवर ठेवलं.

"हे तुमच्या दुकानाले लावा, सूनबाई. ती माहेरी जातो म्हणते. चोरी नाई करून राह्यली."

त्याच सुमारास त्यांची मुलगी हैदराबादहून आली होती. नातवाच्या अक्षराभ्यासाला, म्हणजे पाटीवर पहिलं अक्षर गिरवायला, सगळे बासरच्या सरस्वतीला जाऊन आले. पोराला कोणीतरी प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचा मोठा खोका भेट दिला होता. एकात एक दाबून बसवायचे ते ठोकळे, सोबत छोटी मोटर, सेलची डबी, दातेरी चाकं आणि प्लॅस्टिकचे रूळ. पाटी-पेन्सिल धरायला शिकणाऱ्या पोराच्या वयाला ते जड होतं. खोका इथेच पलंगाखाली राहिला.

काकांनी तो ओढून काढला आणि एक इंजिन जोडलं. लाल, पिवळं, हिरवं, वरातीतल्या बँडच्या गाडीसारखं. संध्याकाळी पलंगाच्या पायांभोवती रूळ मांडून ते सोडलं. काकूंनी पिशवी खाली ठेवली, वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे इंजिन नाई. खेळणं हाय हे."

मग दोष काढत बसल्या. इंजिन काळं असते. धुराडं एवढं उंच नसते. पोट गोल असते. त्यांचं ऐकता ऐकता काकांच्या लक्षात आलं, की बाहेर अंधार पडला आणि बाई अजून घरातच आहे.

तिथून ते सुरू झालं. काळे ठोकळे खोक्यात थोडेच होते. मी दुकानाचा माल फोनवरून मागवते तसे तेही मागवून दिले. काका दुपारी कालचं इंजिन मोडत आणि संध्याकाळपर्यंत नवं जोडत. मी म्हटलं, एखाद्या सुताराकडून एकदाच चांगलं लाकडी करून घ्या. ते म्हणाले, "लाकडाचं केलं का तेच राह्यते. तिचं इंजिन रोज थोडं येगळं आठवते तिले."

बाजारातले जुने सोबती टोमणे मारत, की शेठ, दुसरं लहानपण आलं काय. काका म्हणत, पहिल्यात दुकानावर बसवलं होतं बापानं, खेळायचं राहून गेलं.

काकूंना कालचं जेवण आठवत नसे, पण इंजिनात त्यांना फसवता येत नसे. मोटर लावलेलं पहिलं काळं इंजिन बकरीसारखं पळालं. काकू म्हणाल्या, ठेसनात येणारं इंजिन असं पळते काय. मग काकांनी मोटरला लहान दातेरी चाक लावलं, त्याला मोठं जोडलं, त्याला आणखी एक, तेव्हा ते संथ झालं. संथ झालं तर गुळगुळीत फरशीवरच्या रुळांवर चाकं जागच्या जागी फिरू लागली. औषधांच्या पुड्यांना लावायचे माझे रबर त्यांनी चाकांवर चढवले आणि इंजिनाच्या पोटात लोखंडी नट भरले. आता ते दोन डबे ओढत हळूहळू, कण्हत, पलंगाला फेरी मारू लागलं.

काकूंनी ती फेरी पाहिली आणि पिशवी उचलली. "ही तं फिरून इथंच आली. मले इथं नाई उतराचं."

काका दोन दिवस त्या गोलाकडे पाहत बसले. मग त्यांनी गोल मोडून टाकला.

काकूंच्या तरुणपणी आदिलाबाद म्हणजे रुळांचं टोक. गाडी येई ती इथेच थांबे. परत जाताना इंजिन डब्यांपासून सोडवायचं, पुढे न्यायचं, सांध्यावरून, म्हणजे रूळ बदलतात तिथून, बाजूच्या रुळावर घ्यायचं, डब्यांच्या शेजारून मागे आणायचं आणि दुसऱ्या तोंडाला लावायचं. ते लागलं की गाडी किनवटकडे निघे. माहेरी जाताना काकूंनी हे असंख्य वेळा खिडकीतून पाहिलेलं.

काकांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून पुढच्या दारापर्यंत सरळ रूळ टाकले, शेजारी दुसरे टाकले आणि दोन्ही टोकांना सांधे बसवले. संध्याकाळी इंजिन आलं, सुटलं, पुढे गेलं आणि बाजूच्या रुळावरून परत निघालं. काकू पिशवी मांडीवर घेऊन पाटावर बसल्या. गाडीला इंजिन लागत असताना कोणी स्टेशन सोडून जात नाही.

तेव्हा काकांना कळलं, की गाडी सोडायची नाही, सुटायच्या बेतात ठेवायची. मग त्यांनी इंजिन आणखी संथ केलं. इंजिन डब्यांना जोडायचा आकडा पहिल्यांदा लागायचा नाही. दुसऱ्यांदाही नाही. काका बोट वाकवून पुन्हा पुन्हा जुळवत बसत. शेवटी काकूंची मान कलली की हळूच पिशवी काढून घेत आणि भात भरवत. कापसाचे ट्रक रस्त्यावरून जात, थंडी पडे, उन्हाळा येई, आणि भिंतीपलीकडून त्या मोटरचा कुरकुर आवाज रोज येई.

पुढे काकूंना नवराही ओळखू येईना. त्यांना ते स्टेशनमास्तर वाटू लागले. मी एकदा सेल द्यायला गेले होते तेव्हाचं बोलणं मला लख्ख आठवतं.

"मास्तर, गाडी काऊन सुटून नाई राह्यली?"

"इंजिन लागून राह्यलं, बाई."

काकूंनी मांडीवरची पिशवी सारखी केली आणि म्हणाल्या, "तुमची बायको कुठी असते?"

"हाय इथंच. माहेरी जातो म्हणते."

"मंग जाऊ द्या ना तिले."

काका आकडा जुळवत राहिले.

मुलीला हे सगळं पटत नव्हतं. ती वाईट नाही. दिवाळीत गाडी घेऊन आली आणि दोघांना हैदराबादला नेते म्हणाली. काकूंनी दाराची चौकट धरली, ती सुटेना. लेकीच्या हातावर नखं ओढली. मुलगी माझ्या दुकानात येऊन जखमेला औषध लावता लावता रडली. काका तिला एवढंच म्हणाले, "तिथं तिले ठेसन कुठी सापडन?" मुलगी एकटीच परत गेली.

त्यानंतरच्या पावसाळ्याच्या शेवटी एका दुपारी काका सेल न्यायला आले. सेल खिशात टाकून म्हणाले, "पोटात गाठ निघाली, सूनबाई. पसरली म्हणते डॉक्टर."

मी कोण डॉक्टर, कुठली तपासणी, काय औषधं, ते विचारलं. माझं कामच ते आहे. त्यांनी सगळं नीट सांगितलं. मग म्हणाले, "मी पडलो तं इंजिन कोण फिरवन?"

मी म्हटलं, संध्याकाळी मी येत जाईन. त्यांनी दुकानापुढच्या गिऱ्हाइकांकडे पाहिलं. "तुमाले एक दिवस जमन. तिले रोज लागते." आणि जाताना पायरीवर थांबले. "मी झोपून असलो आन् ती निघाली, तं?" त्या खडीवरच्या संध्याकाळबद्दल ते पहिल्यांदाच बोलत होते.

त्यांनी स्वतःच मुलीला फोन केला. गाडी घेऊन ये, पण सकाळी नको, दिवेलागणीला ये. मुलगी म्हणाली, दोघंही चला. त्यांनी नाही म्हटलं. मलाही ते समजेना, तेव्हा त्यांनी मला समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं. काकूंसाठी ते मास्तर होते. मास्तर ठेसन सोडून गाडीत बसला तर काकू बसणार नाहीत. इथले उपचार झाले की मागून येतो म्हणाले. ते मागून गेले नाहीत. थंडी सरायच्या आत संपलं सगळं. काकू आजही मुलीकडे आहेत. आता गाडीचं नाव काढत नाहीत, मुलगी सांगते. खिडकीशी बसवलं की बसतात.

काकूंना न्यायचं ठरलं त्या संध्याकाळी मी दुकानाचं शटर अर्धं ओढून गेले. मुलीची गाडी दाराशी लागली होती. काकांनी तिला बजावलं होतं, आई म्हणून हाक मारायची नाही, मागच्या सीटवर दुसऱ्या प्रवाशासारखं बसायचं. ती खाली मान घालून बसली होती.

आत काकू पाटावर, पिशवी मांडीवर. इंजिन डब्यांपासून सुटलं, उंबऱ्याकडे गेलं, सांध्यावरून वळलं आणि बाजूच्या रुळावरून परत आलं. काका गुडघ्यांवर रांगत त्याच्या सोबत होते. आकडा पहिल्याच खेपेला लागला. त्यांनी बटणावर हात तसाच ठेवला होता. मला वाटलं, आता ते पुन्हा सोडवतील.

"बाई, लागलं इंजिन. चला."

काकू उठल्या. पदर सारखा केला. काकांनी पिशवी घेतली आणि त्यांना हाताला धरून दारापर्यंत आणलं. गाडी पाहून काकू थबकल्या. त्या म्हणाल्या, "खिडकीची जागा हाय ना?"

"तुमच्यासाठीच ठेवली."

काकू बसल्या. काकांनी पिशवी त्यांच्या मांडीवर दिली, दार लावलं आणि एक पाऊल मागे सरकले. ड्रायव्हरनं गाडी चालू केली तेव्हा काकूंनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"मास्तर, आमच्या घरी एक निरोप सांगजा. माणूस दुकानातून येईन. म्हणा, भाकर टोपल्यात झाकून ठेवली हाय, जेवून घेजा."

"सांगतो, बाई."

गाडी गल्लीतून बाहेर पडली आणि वळली. काका दारात उभे होते. मी काहीतरी बोलायचं म्हणून औषधाच्या वेळेची आठवण केली. त्यांनी मान हलवली आणि आत गेले.

त्या घरात काकूंनी भाकरी थापून कित्येक वर्षं झाली होती. मी दुकानाकडे निघाले, तेव्हा आत, स्वयंपाकघरात, जर्मनच्या टोपल्याचं झाकण उचलल्याचा आवाज आला.