उमसुनायने काच फोडली

आमच्या सुसामिरच्या खोऱ्यात हिवाळ्यात घाट ओलांडून शहरात जायचं असलं, की लोक आधी विचारतात, "उमसुनाय आज निघतेय का?" ती निघणार नसली तर स्टँडवर दोन प्रकारची माणसं दिसतात. काही मुकाट्याने घरी परततात, काही तिला शिव्या घालत दुसऱ्या व्हॅनकडे धावतात. धावणारीच जास्त.

उमसुनाय बावन्न वर्षांची. रुंद खांदे, डोक्यावर पुरुषी लोकरी टोपी. व्हॅन घेण्याआधी ती एकोणीस वर्षं घाटातल्या रस्त्यावर बर्फ काढायचं यंत्र चालवत होती. त्या कामावरची एकटी बाई. पुढे माणसं कमी करायची वेळ आली तेव्हा पहिलं नाव तिचं निघालं. तिथला साहेब म्हणाला, "बाईमाणसाला एवढी थंडी कशाला?"

"एकोणीस वर्षं नाही लागली ती थंडी," उमसुनाय म्हणाली, "ती आजच लागायला लागली होय?"

घरी येऊन तिने घरच्या घोड्या विकल्या आणि जुनी पांढरी व्हॅन घेतली.

मी इथल्या शाळेत शिकवते. महिन्यातून दोनदा आईला भेटायला शहरात जाते, आणि जाते ती उमसुनायच्याच गाडीने. तिला आम्ही सगळे एजे म्हणतो, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. पण थोरलेपणाचा मान देऊन तिला कोणी सोडत नाही.

"एजे, गोगलगायसुद्धा पुढे गेली बघ!" मागून कोणीतरी ओरडतो.

"मग उतर आणि तिच्या पाठीवर बस."

उतारावर ती खालच्या गिअरमध्येच उतरते, ब्रेकवर पाय जड पडू देत नाही, आणि पुढच्या गाडीपासून एवढं अंतर ठेवते की मधे तीन गाड्या घुसतात. घुसू देते. घाटाच्या पायथ्याशी बर्फ दिसला की खाली उतरून चाकांना साखळ्या बांधते. बाकीचे ड्रायव्हर हॉर्न वाजवत, हसत निघून जातात. ती मान वर करत नाही. एकदा एका दांडग्या गड्याला तिने पट्टा लावायला सांगितलं तर तो म्हणाला, "मी काय लहान पोर आहे?"

"नाहीस ना. लहान पोर एकदा सांगितलं की लावतं."

त्या दिवशी, फेब्रुवारीच्या शेवटी, खोऱ्यात लख्ख ऊन होतं. म्हणून तर ती निघाली. पण घाटमाथ्यावरच्या बोगद्याच्या अलीकडे पोचलो आणि हवा फिरली. वारा सुटला, बर्फ आडवा येऊन काचेवर आपटू लागला. बोगद्याच्या पलीकडे कडा कोसळून रस्ता बंद झाला होता. पुढे पंचवीस-तीस गाड्या अडकलेल्या, आणि आमच्या मागेही रांग लागली. दुपारचा एक वाजला होता.

उमसुनायने इंजिन बंद केलं आणि सीटखालून घोंगड्या काढून वाटल्या.

"अगं, हीटर तरी चालू ठेव!" माझ्या शेजारची म्हातारी म्हणाली.

"अर्ध्या तासाने दहा मिनिटं लावीन. त्याआधी मागचा बर्फ काढीन, आणि एक खिडकी बोटभर उघडी राहील."

"डिझेल वाचवतेस होय गं?"

"तुमचा जीव वाचवतेय, आजी. डिझेल आपोआप वाचतं."

तासाभराने ती फावडं घेऊन खाली उतरली. मला म्हणाली, "बाई, वर्गात चालतो तसा आवाज इथे चालेल का? चला माझ्याबरोबर."

"कुठे?"

"सगळ्यांची इंजिनं चालू आहेत. मागे बर्फ साठतोय. सायलेन्सर बुजला की धूर आत शिरतो. त्यातल्या विषाला वास नसतो, रंग नसतो. माणूस बसल्या जागी झोपतो, तो उठतच नाही."

आम्ही एकमेकींच्या कोटाला धरून गाडीगणिक फिरलो. मी काचा ठोठावत ओरडायची, ती मागचा बर्फ उपसायची. ट्रकवाल्यांनी लगेच ऐकलं. ते दर हिवाळ्यात इथून जातात. एकाने तर उतरून स्वतःचं फावडं काढलं आणि मागच्या रांगेकडे निघाला. काहींनी शिव्या दिल्या आणि मग इंजिन बंद केलं. अकरावी गाडी मोठी, काळी, नवीकोरी होती. आत नवरा-बायको आणि मागे सहा-सात वर्षांची मुलगी.

त्याने काच चार बोटं खाली घेतली. "काय पाहिजे?"

"इंजिन बंद करा. मागून बर्फ चढतोय."

"ही गाडी तुझ्या डब्यासारखी नाही, म्हातारे. जा." काच वर गेली.

तरी उमसुनायने मागे जाऊन सायलेन्सर मोकळा केला. मला म्हणाली, "अर्ध्या तासात पुन्हा बुजणार. परत यायला लागेल."

आम्ही परतलो तेव्हा पाऊण तास झाला होता, कारण मधे एका गाडीतल्या म्हाताऱ्याला चक्कर आली होती. काळ्या गाडीच्या मागे बर्फ कमरेएवढा चढलेला, इंजिन गुरगुरतंय. मी काच ठोठावली. त्याचे डोळे अर्धे उघडे होते. माशी हाकलावी तसा त्याने हात हलवला, आणि तो हात मांडीवर पडला तो पडलाच. बायकोची मान दाराला टेकलेली. मागे मुलीचे गाल लालबुंद, जशी आत्ताच अंगणातून खेळून आलीय.

"दार उघडा!" मी किंचाळले. उमसुनायने दार ओढलं. आतून बंद होतं.

उमसुनाय हाका मारत बसली नाही. मुलगी ज्या बाजूला नव्हती तिकडे गेली, फावड्याचा दांडा उलटा धरला आणि मागच्या दाराची काच फोडली. हात आत घालून दार उघडलं, मुलीला ओढून काढलं आणि माझ्या कुशीत दिलं. "तोंड वाऱ्याकडे करा तिचं!" एवढंच म्हणाली आणि पुढे झेपावून चावी फिरवून इंजिन बंद केलं.

मुलगी माझ्या कोटावर भडाभडा ओकली. एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. मग उमसुनायने बायकोला बाहेर ओढलं. नवरा स्वतःच घरंगळत खाली आला, बर्फात गुडघ्यांवर बसला, मोठमोठ्याने श्वास घेत राहिला, आणि त्याच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो असा:

"माझी काच!"

पाचच्या आत रस्ता मोकळा झाला. मायलेकींना आम्ही आमच्या व्हॅनमध्ये घेतलं, घोंगडीत गुंडाळलं, थर्मासमधला चहा पाजला. तो फुटक्या काचेला सतरंजी लावून एकटा गेला.

दहा दिवसांनी उमसुनायला शहरातल्या पोलीस ठाण्यात बोलावणं आलं. साक्षीला मी गेले. तक्रार त्या काळ्या गाडीवाल्याची होती. त्याचं नाव सागिन, कुठल्याशा मोठ्या हुद्द्यावर होता. तरुण अधिकारी बिचारा दोघांकडे आळीपाळीने बघत होता.

"मी दमलो होतो, झोप लागली होती," सागिन म्हणाला. "या बाईने डोकं फिरल्यासारखं येऊन गाडी फोडली. मला भरपाई नको. लेखी माफी पाहिजे."

अधिकाऱ्याने कागद पुढे सरकवला. "एजे, 'मला पश्चात्ताप होतो' एवढंच लिहा. विषय संपला."

"होत नाही."

"एका ओळीचा तर प्रश्न आहे."

"ओळ खोटी आहे, बाळा. खरी लिहू का?" तिने पेन घेतलं आणि ठळक अक्षरात लिहिलं: मी काच फोडली. गाडीत धूर भरला होता. पुन्हा भरला तर पुन्हा फोडीन. खाली सही केली.

अधिकाऱ्याने वाचलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, ही माफी नाही, ही धमकी आहे!"

"बघा साहेब, बघा!" सागिन उसळला. "हिचं लायसन काढून घ्या!"

"घ्या," उमसुनाय म्हणाली. "मी चालत घाट चढीन. पण 'चुकले' म्हणणार नाही."

दाराजवळच्या बाकावर सागिनची बायको नुरझादा बसली होती. नवऱ्याने तिला साक्षीला आणलं होतं. ती उठली.

"मी जागी होते," ती म्हणाली.

"नुरझादा, तू बस."

"दोघी काच ठोठावत होत्या, ते मला दिसत होतं. कडी माझ्या हाताशी होती. हात उचलेना. मागे पोरीचा श्वास घुरघुरत होता आणि मला तिचं नाव घेता येत नव्हतं." तिने नवऱ्याकडे बघितलं. "तुम्ही झोपला नव्हतात. आपण तिघं मरत होतो."

"गप्प बस म्हणतोय ना!"

"त्या दिवशी गप्पच होते मी. आज नाही बसणार." ती अधिकाऱ्याकडे वळली. "माझं लिहून घ्या. सगळं घ्या."

त्याने नवा कागद काढला. सागिन दार आपटून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी त्याने तक्रार मागे घेतली.

पण शहरात तो अजून सांगत फिरतो, की घाटातल्या एका वेड्या बाईने आपली नवी गाडी फोडली. निम्मे लोक त्याचं खरं धरतात. स्टँडवरही कोणी ना कोणी उमसुनायला चिडवतो, "एजे, आमच्या काचेला हात लावू नकोस हं!" मला राग येतो. परवा साखळ्या बांधायला तिला मदत करताना मी म्हणाले, "एजे, तू तरी लोकांना सांग ना खरं काय झालं ते. तो वाट्टेल ते बडबडतोय."

तिने साखळीचा शेवटचा आकडा अडकवला, हात पँटला पुसले.

"बडबडू दे की, बाई. बडबडायला जिवंत आहे तो. बसा, निघायचंय."