होळी थांबली होती

आधीच सांगते, अंगात येणं, देवाचं बोलणं असलं काही मानणारी मी बाई नाही. आजही नाही. आणि ज्याच्या अंगात यायचं तो माझा सख्खा बाप होता, त्यामुळे तर मुळीच नव्हते... ज्याला रोज सकाळी ‘ऊठ की, आंघोळीचं पाणी निवायलंय’ म्हणून हाका माराव्या लागतात त्याच्यात देव येतो, हे मला लहानपणीही पटायचं नाही. तुमच्या ग्रुपवर, नशिबात सगळं आधीच लिहिलेलं असतं की आपल्या हातात काही असतं, यावर भांडणं चाललेली असतात. नात मला ती वाचून दाखवते. म्हणून म्हटलं, एकदा सांगून टाकावं. मी सांगतेय, ती टाइप करतेय. माझी बोली तिनं थोडी सरळ केली आहे.

गाव वालूर आणि जिंतूरच्या मधलं. नाव देत नाही, तिथली माणसं अजून आहेत. निजाम जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. आम्ही धनगर — मेंढरं आणि थोडं रान. घर मारुतीच्या समोर होतं. होळीचा ढीग रचायचे तो आमच्या दारातून सरळ दिसायचा.

दसऱ्याला बिरोबाच्या ठाण्यावर बाच्या अंगात यायचं आणि तो पुढच्या वर्षाचं सांगायचा — पाऊस, रोगराई, कुणाचं जनावर दगावणार. बरंचसं खरं व्हायचं. मी म्हणायचे, पाऊस येईल की नाही एवढंच सांगायचं तर निम्म्या वेळा माझंसुद्धा बरोबर येईल. माय मारायला उठायची.

त्या दसऱ्याला मात्र बा घुमता घुमता थांबला आणि म्हणाला, “होळी पेटायच्या आत हे झाड पडंल.” ज्याच्या अंगात येतं त्याला आमच्याकडे झाड म्हणतात. म्हणजे तो स्वतःच.

भानावर आल्यावर त्याला यातलं काही आठवायचं नाही. घाम पुसत त्यानं विचारलं, “काय बोलला देव? पाऊस हाय का?” कुणी मान वर करेना. माय पाठ फिरवून उभी राहिली. शेवटी काकानं, म्हणजे बाच्या धाकट्या भावानं सांगितलं, “दादा, देव तुझंच बोलला.” काका तेवढा गप्प बसला असता तर... असं मला खूपदा वाटतं.

त्या दिवसापासून बा स्वतःच्या घरात पाहुणा झाला. मला भाऊ नव्हता, म्हणून मेंढरं काकाच्या हवाली झाली. कुणी काही विचारायला आलं तर मायच उत्तर द्यायची, बा शेजारी बसलेला असला तरी. माघात घाईघाईनं माझं लग्न उरकलं. मी सोळा-सतरा वर्षांची. लग्नात लोक माझ्यापेक्षा बाच्याच गळ्यात पडून जास्त रडले. सगळ्या भावकीला नवे पटके आले, बाला आला नाही. ‘आता कशाला’ असं तोंडानं कुणी म्हणालं नाही, पण आला नाही. त्यानं जुनाच धुऊन बांधला. मला तेव्हा लाज वाटली ती त्याच्या जुन्या पटक्याची. सासरची माणसं बघत होती ना.

होळीला मला सासरच्यांसकट बोलावणं आलं. कशासाठी ते सगळ्यांना माहीत होतं. पूर्णेहून आत्या रेल्वेनं आली, जिंतूरकडचे नातेवाईक गाड्या जुंपून आले. आणि बा? तो सकाळी नदीकडून नुकतं जन्मलेलं कोकरू खांद्यावर टाकून आला. दुपारी चुलीतला निखारा चिलमीवर ठेवून झुरके घेत बसला. अगदी धडधाकट. आत्या त्याला बघून रडायला लागली, तर तोच तिला पाणी देत होता.

दिवस कलला तशी त्यानं आंघोळ केली आणि घोंगडी अंगावर घेऊन आडवा झाला. मी पायाशी बसून पाय दाबायला लागले. बाहेर ढीग रचून तयार होता. एरवी दिवस मावळला की होळी पेटायची. त्या दिवशी पाटील म्हणाले, “देवाचा शब्द हाय. जरा थांबू.” आधी पेटवली तर देव खोटा पडणार, आणि ते पाप कुणालाच नको होतं. म्हणून सगळं गाव थांबलं.

चंद्र वर आला. घरोघरी पुरणाच्या पोळ्या झाकून ठेवलेल्या. होळीला नैवेद्य दाखवल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. पोरं किरकिर करायला लागली. एकेक जण अंगणात येऊन आत डोकावून जायचा. बा अगदी कानकोंडा झाला होता. मायला हळूच म्हणाला, “काईच होईना की गं.” आणि हसला — दारात पाहुणा यावा आणि घरात साखर नसावी, तसा. ते हसू आठवलं की आजही मला कुठं तोंड लपवू असं होतं.

तेवढ्यात अंगणातून कुणीतरी विचारलं, “अजून न्हाई व्हय?”

बानं ते ऐकलं. माझ्याकडे बघून म्हणाला, “लोक थांबलेत व्हय गं?”

मी म्हणाले, “व्हय.”

“मंग लेकरं लय उपाशी असतील,” तो म्हणाला. त्यानं घोंगडी गळ्यापर्यंत ओढली आणि डोळे मिटले. घरघर नाही, तळमळ नाही. मला वाटलं, डोळा लागला. मी पाय दाबतच राहिले... पाय गरम होते. मायनं नाकापाशी हात धरला तेव्हा कळलं.

पाटील आत आले, त्यांनी हात जोडले — बाला की देवाला, कोण जाणे — आणि लगेच बाहेर गेले. मग होळी पेटली. पोरांची बोंब आणि आमच्या घरातला आकांत एकमेकांत असे मिसळले की कुठला कोणता ते कळेना.

माझा मुलगा डॉक्टर आहे. तो म्हणतो, हार्ट अटॅक. नेमका त्याच वेळी कसा? तर म्हणतो, भीतीनं येतो. पण मी पाय धरून बसले होते, बा भ्याला नव्हता. तो फक्त ओशाळला होता. नात म्हणते, आजी, त्यांनी स्वतःच ठरवलं असेल. पण ठरवलं म्हणून चांगला धट्टाकट्टा माणूस झोपल्यासारखा मरतो का? गाव म्हणालं, ठरलेलंच होतं. मीही आयुष्यभर तेच म्हणत आले. ठरलेलं होतं म्हटलं की कुणालाच काही विचारावं लागत नाही — काकाला नाही, पाटलांना नाही, मला तर नाहीच.

पण देव म्हणाला होता, होळी पेटायच्या आत. आणि होळी काही आपली आपण पेटत नाही, ती माणसं पेटवतात. दिवस मावळताना कुणी एक काडी ओढली असती तर देव खोटा पडला असता, गाव चार दिवस बाला हसलं असतं, आणि बा उठून आमच्यात जेवायला बसला असता. गावात काड्यापेट्यांचा तोटा नव्हता. आमच्या तर चुलीत विस्तव होता, मी बसले होते तिथून हात पुरेल इतका जवळ. मला ते सुचलंच नाही... की सुचलं होतं? आता तेही छातीठोक सांगता येत नाही.

बा कशानं गेला, ते मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही, आणि आता कळेल असंही वाटत नाही. मला फक्त माझं ते ‘व्हय’ माहीत आहे. ‘न्हाई बा, कुणी थांबलं न्हाई’ एवढं खोटं मला बोलता आलं असतं. पण सासरचे अंगणात ताटकळत होते आणि मला त्यांची लाज वाटत होती. आणि खरं सांगू का... मलाही भूक लागली होती.