आबांचे राहिलेले आभार

माणसानं आभार किती मानावेत याला काही मर्यादा असते, हे माझ्या बहिणीच्या सासऱ्यांना कोणी कधी सांगितलेलं नाही, आणि सांगितलं असतं तर त्यांनी सांगणाऱ्याचेही आभार मानले असते. जळगावापासून धुळ्यापर्यंत इतका कृतज्ञ माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. रावेरकडे त्यांची केळीची बाग आहे, अख्खं गाव त्यांना आबा म्हणतं, आणि गावाबाहेर पडताना पिशवीत केळी घेतल्याशिवाय आबा उंबरा ओलांडत नाहीत, कारण वाटेत कोण उपकार करून बसेल याचा नेम नसतो. एसटीत कोणी सरकून जागा दिली की त्याच्या हातात केळं. एसटी मुक्कामाला पोचली की आबा उतरून गाडीला वळसा घालतात, ड्रायव्हरच्या खिडकीखाली उभे राहतात आणि म्हणतात, "सुखरूप आनलं, भाऊ." ड्रायव्हरला हे आयुष्यात कोणी म्हटलेलं नसतं. तो घाबरून खाली उतरतो आणि गाडीचं काही गळतंय का ते बघतो.

एकदा ते एका लग्नाला नरडाण्याला गेले होते. परतताना स्टेशनवर उन्हानं चक्कर आली, तर स्टेशनमास्तरांनी त्यांना आपल्या खोलीत पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. तेवढ्यात गाडी आली, धावपळ झाली आणि आभार राहून गेले. झालं, आबांची झोप उडाली. पुढच्याच आठवड्यात ते एवढ्याच कामासाठी रावेरहून नरडाण्याला गेले. मास्तर रजेवर होते. मग आबांनी त्यांच्या जागेवर आलेल्या माणसाला सगळी हकीकत सांगितली, आभार सोपवले, आणि निरोप नीट पोचावा म्हणून त्याच्याकडून ते एकदा म्हणवूनही घेतले. जळगावात दाढ काढली तेव्हा तोंडात कापूस कोंबलेला असतानाच त्यांनी डॉक्टरांचे आभार मानले होते. शब्द स्वच्छ उमटले नाहीत अशी रुखरुख लागून दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, रांगेत बसले, नंबर लागल्यावर आत जाऊन स्वच्छ शब्दांत आभार मानले आणि निघाले. मी त्यांना एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ मिळवून दिली होती. त्यानंतर कितीतरी दिवस रोज सकाळी त्यांचा फोन येई. शेवटी आमच्या घरात कोणी तो उचलेनासं झालं.

दर नाताळला आबा भुसावळच्या रेल्वे वसाहतीतल्या एका जुन्या चर्चमध्ये केळीचा घड घेऊन जातात, हे मला ठाऊक होतं. तिथले फादर बदलत, घड चालू राही. आबांच्या अनेक खुळांपैकी हे एक, असं मी धरून चाललो होतो. पण दोन वर्षांपूर्वी नाताळ उलटल्यावर ते जळगावला माझ्या घरी आले, पाणी प्यायले आणि पाण्याबद्दल काहीच न बोलता बसून राहिले. तेव्हाच मला काहीतरी वेगळं आहे असं वाटलं. थोड्या वेळानं म्हणाले, "भाऊ, गोव्याचं तिकीट काढून द्या. फादर सापडले."

मग त्या दुपारी मला सगळं कळलं. आबांची थोरली मुलगी शोभाताई जन्मापासून ऐकू न येणारी. ऐकू येत नाही म्हणून बोलणंही नाही. त्या काळी सगळ्यांनी सांगितलं, देवाची मर्जी, आता हिला घरकामाला लावा. तेव्हा भुसावळला गोव्याहून आलेले एक तरुण फादर होते. त्यांची धाकटी बहीण अशीच होती आणि तिला त्यांनी स्वतः बोलायला शिकवलं होतं. कोणाकडून तरी हे आबांच्या कानावर आलं आणि ते पोरीला घेऊन गेले. फादर तिचा हात आपल्या गळ्यावर ठेवून घेत आणि आवाज काढत, म्हणजे आवाज थरथरतो कुठे ते तिला कळावं. तोंडासमोर मेणबत्ती धरून 'प' म्हणत. ज्योत हलली की 'प' बरोबर. असं कित्येक महिने चाललं. आबा पॅसेंजरनं पोरीला नेत आणि बाहेर कडुलिंबाखाली बसून राहत. गावात कुजबुज सुरू झाली की पोरगी बाटणार. एका भाऊबंदानं तोंडावर विचारलं तेव्हा आबा म्हणाले, "बाटली तं बाटली. मले आबा म्हनीन ना?"

आणि ती म्हणाली. पुढे शाळेत गेली, शिवणकाम शिकली. आज रावेरला तिचं शिवणाचं दुकान आणि वर्ग आहे. गंमत अशी की ती फादरांचं पुस्तकी मराठी शिकली, त्यामुळे आबांच्या घरात 'ण' स्वच्छ म्हणणारी ती एकटीच.

पण आभार राहिले होते. आबा केळीच्या ट्रकबरोबर दिल्लीला गेले असताना फादरांची अचानक बदली झाली. आबा परत आले तर खोलीला कुलूप. पुढचे फादर नवे, त्यांना काही ठाऊक नाही. तेव्हापासून आबांनी कोणाचे आभार दुसऱ्या दिवसावर टाकले नाहीत. त्या वर्षीच्या नव्या फादरांनी मात्र घड घेता घेता सगळी गोष्ट ऐकून घेतली, चार ठिकाणी फोन केले आणि शोध लावला. म्हातारे फादर गोव्यात ज्या जुन्या कॉलेजात पाद्री व्हायला शिकले होते, तिथेच आता विश्रांतीला होते.

तिथल्या चर्चमधल्या मातेच्या जत्रेचे दिवस साधून आम्ही तिघं निघालो, आबा, शोभाताई आणि मी. आबांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि हिरवा घड घेतला होता. डब्यातल्या उकाड्यानं तो पिकत गेला आणि पुण्याच्या पुढे आबांनी सगळ्या डब्याचे आभार मानायला सुरुवात केली. गोव्याला पोचेपर्यंत थोडीच केळी उरली.

कॉलेज एका टेकाडावर होतं. खाली नदी, वर तांबड्या दगडाच्या जाड भिंती, लांबलचक गार व्हरांडे, आणि अंगणात पांढऱ्या झग्यांतली पोरं झगे खोचून फुटबॉल खेळत होती. शेजारच्या चर्चमध्ये मातेच्या दर्शनाला रांग लागली होती. नवस फेडायला लोक मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची तान्ही बाळं घेऊन चालले होते. आबा दुकानाशी थांबले आणि गळा आहे का विचारू लागले. दुकानदारीण म्हणाली गळा नाही, कान आहे. आबांनी कान घेतला. शोभाताईंनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि हसत म्हणाल्या, "हा माझ्यापेक्षा तुम्हालाच लागेल, आबा. तुम्ही कोणाचं ऐकत नाही." तो कान आबांनी मातेपुढे ठेवला, हात जोडले, आणि बराच वेळ काहीतरी पुटपुटत राहिले. मागची रांग खोळंबली, तेव्हा वळून रांगेचेही आभार मानले.

फादर आतल्या बाजूच्या व्हरांड्यात खुर्चीत बसले होते. हाडकुळे, पांढरेशुभ्र, डोळे फार प्रेमळ. त्यांची काळजी घेणाऱ्या सिस्टरनं आम्हाला आधीच सांगितलं होतं की त्यांना आता काही आठवत नाही. आबांनी मान हलवली, पण ते त्यांच्या मनापर्यंत पोचलं नव्हतं. त्यांनी आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं, भुसावळ सांगितलं. फादर नुसते हसले. आबांचा चेहरा उतरला. इतकी वर्षं साठवलेलं घेऊन ते उभे होते आणि घेणारा माणूस समोर असून नव्हता.

मग फादर म्हणाले, "बसा ना. मला आठवत नाही, पण तुम्ही सांगा. ऐकायला बरं वाटतं."

आबा खाली फरशीवर बसले आणि सांगू लागले. मेणबत्ती, गळ्यावरचा हात, कडुलिंब, भाऊबंद, सगळं. फादर दुसऱ्याच कोणाची गोष्ट ऐकावी तसे रंगून ऐकत होते. तो पाद्री चांगला होता, असंही मधे म्हणाले. आबा पोरीच्या पहिल्या शब्दापाशी आले आणि पिशवीतलं केळं काढून फादरांसाठी सोलू लागले. फादर पुढे वाकले.

"मग त्या मुलीचं काय झालं?"

शोभाताई इतका वेळ फादरांच्या ओठांकडे पाहत होत्या. त्या उठून समोर गेल्या आणि म्हणाल्या, "फादर, ती मी."

फादर त्यांच्याकडे बघत राहिले. ओळख पटली नाही, ते दिसतच होतं. पण त्यांचा हात आपोआप वर आला, दोन बोटं शोभाताईंच्या गळ्याला लागली आणि ते म्हणाले, "छान. 'फ' ला ओठ अजून थोडे सैल सोड. पुन्हा म्हण." आणि ती पन्नाशीची बाई, जिच्या हाताखाली रावेरच्या निम्म्या पोरी शिवण शिकल्या, शाळकरी मुलीसारखी पुन्हा म्हणाली, "फादर."

परतीच्या गाडीत मला आठवलं की आबांनी आभार मानलेच नव्हते. मी तसं म्हटलं. ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "एकदा म्हटले का जायचं कारन संपलं. पुढच्या वर्षी म्हनू."

पुढचं वर्ष आलं नाही. पावसाळा सरता सरता फादर गेले. भुसावळचे तरुण फादर ती बातमी सांगायला स्वतः आबांच्या घरी आले होते, आणि बहिणीला भेटायला म्हणून मीही त्या दिवशी तिथेच होतो. आबांनी ऐकलं, त्यांना चहा दिला, बोळवलं, आणि ओट्यावर येऊन बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "दुसऱ्यांदा राह्यलं, भाऊ. आता तं कायमचं."

शोभाताई समोर अंगणात उभ्या होत्या. त्यांनी ते ओठांवरून वाचलं. त्या आबांच्या समोर येऊन बसल्या, म्हणजे आबांचे ओठ त्यांना दिसावेत.

"राहिले नाहीत. तुम्ही बाहेर चपला घालत होता, तेव्हा मी परत आत गेले होते. मी मानले."

"माझ्याकडून?"

"नाही, आबा. आभार माझे होते."

मग तू काय म्हणालीस, असं आबांनी विचारलं. शोभाताईंनी सांगितलं नाही, ते माझं आणि फादरांचं आहे म्हणाल्या, आणि चहाचे कप उचलून आत गेल्या. आबा डोळे पुसत, मान हलवत, हसत राहिले.

आता आबांचे गुडघे साथ देत नाहीत, बाहेर पडणं जवळपास थांबलंय. पण परवा सकाळी बऱ्याच दिवसांनी त्यांचा फोन वाजला, आणि आमच्या घरात तो घ्यायला मी आणि बायको दोघंही धावलो.