शनिवारची चपाती

डॅनीला ‘हाड’ म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. अंध माणसांना वाट दाखवायला ज्या केंद्रात तो शिकला, तिथे सगळे हुकूम इंग्रजीत. त्यामुळे मुलुंड पूर्वेच्या रस्त्यावर कुणी ‘हाड, हाड’ केलं की तो जागचा हलत नसे. दचकायची ती श्रुतिका. त्याच्या पाठीवरच्या पट्ट्याची मूठ धरून चालणाऱ्या बाईला तो शब्द बरोबर लागायचा, आणि म्हणणाऱ्यांना वाटायचं, आपण कुत्र्याला बोललो.

श्रुतिका परब बँकेत टेलिफोन ऑपरेटर. कॉलेजात असताना दृष्टी गेली. नोकरी लागल्यापासून चौदा वर्षं आई, जानकीबाई, तिला हाताला धरून बँकेत सोडत आणि संध्याकाळी आणत. मग आईचे गुडघे गेले. दीड वर्षापूर्वी डॅनी आला, काळाकुळकुळीत, अंगावर पांढरा केस म्हणून नाही. त्याच्यासोबत श्रुतिका पहिल्यांदा एकटी कामावर गेली. त्या दिवशी जानकीबाईंनी त्याचं नाव दाण्या ठेवलं आणि दृष्ट काढली. केंद्राची ताकीद एकच होती: पट्टा चढवलेला असताना त्याला बाहेरच्या कुणी काही खायला घालायचं नाही. ती चटक लागली की त्याचं रस्त्यावर लक्ष राहत नाही, आणि असा कुत्रा केंद्र परत नेतं.

बाहेरचे लोक कसे वागायचे म्हणता? रिक्षा थांबायची, कुत्रा दिसला की पुढे जायची. मेडिकलवाला म्हणायचा, “मॅडम, त्याला बाहेर बांधा ना.” म्हणजे स्वतःचे डोळे पायरीवर काढून ठेवा आणि आत या. ‘चावतो का?’ हे तर लोक तिला न विचारता तिच्या शेजारच्याला विचारायचे.

सोसायटी त्याहून वरचढ. सेक्रेटरी नंदकिशोर काका पोतनीस, निवृत्त अधिकारी, अक्षर सुरेख. त्या सुरेख अक्षरात त्यांनी नोटीस लावली: ‘पाळीव प्राण्यांनी लिफ्टचा वापर करू नये.’ डॅनीला वाचता येत नव्हतं आणि श्रुतिकालाही. ती दशरथ वॉचमनने वाचून दाखवली. श्रुतिका भांडली, केंद्राची कागदपत्रं दाखवली. काका म्हणाले, “नियम म्हणजे नियम, बाळ.” तेव्हापासून ती दोघं पाच मजले चढून-उतरून जाऊ लागली.

मग दिवाळीनंतर डॅनी बिघडला. रोज सरळ चालणारा कुत्रा शनिवार आला की गेटपाशी उजवीकडे ओढू लागला. तिसऱ्या शनिवारी त्याने असं ओढलं, की सफाईसाठी उघड्या ठेवलेल्या गटाराच्या झाकणाला अडखळून श्रुतिका पालथी पडली. मनगट मोडलं. उचलायला धावलेल्यांपैकी एक बाई म्हणाली, “तरी सांगत होते, कुत्र्याच्या भरवशावर कोण फिरतं का?”

पण प्लास्टर चढवून घरी आल्यावर श्रुतिकाने एका हाताने डॅनीचं तोंड पुसलं आणि ती थबकली. वास तिळाच्या तेलाचा होता.

“आई, आपल्याकडे तिळाचं तेल आहे?”

“आमच्याकडे खयचा? आमी खोबरेल वापरणारे.” मग जानकीबाई हळूच म्हणाल्या, “शनिवार मा आज?”

शनिवार, तेल, काळा कुत्रा. साडेसातीवरचा उतारा लहानपणापासून ऐकलेला होता. श्रुतिका भिंत धरत पुन्हा खाली उतरली आणि दशरथला विचारलं. तो कुजबुजला.

“ताई, माझं नाव नका घेऊ. काका घालतात. तुम्ही गेटपाशी थांबता ना, तेव्हा उजवीकडच्या बाकावरून वाकून तेल लावलेली चपाती देतात. त्यांच्या मुलाचं, मिहिरचं, लग्न दोनदा मोडलं. ज्योतिषी बोलला, अख्खा काळा कुत्रा पाहिजे. गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांचे पाय पांढरे.”

श्रुतिकाच्या अंगाची लाही लाही झाली. लिफ्टमध्ये या कुत्र्याचा विटाळ, आणि शनीला चालतो. वर तिच्या न दिसण्याचा फायदा घेऊन, तिच्या पुढ्यात, गुपचूप.

पुढच्या शनिवारी ती प्लास्टरचा हात गळ्यातल्या झोळीत अडकवून, दुसऱ्या हाताने मूठ धरून पाच मजले उतरली. गेटपाशी तेलाचा वास आला. डॅनी उजवीकडे वळला. तिने मूठ आवळली.

“काका, चपाती मागे घ्या.”

बाक करकरला. काकांनी घसा खाकरला. मुक्या जिवाला घास घालणं पुण्य असतं, म्हणाले. एका चपातीने काय होतं, म्हणाले. तिने प्लास्टरचा हात पुढे केला.

“हे होतं. तो असाच खात राहिला तर केंद्र त्याला घेऊन जाईल. मग मला बँकेत कोण नेणार, तुम्ही?”

काका जवळ आले आणि आवाज उतरवून म्हणाले, “हे बघ, ती नोटीस मी आजच काढतो. लिफ्ट वापर तू, कोण अडवतो बघू. फक्त शनिवारची एक चपाती. आमची अडीच वर्षं राहिलीत गं अजून.”

पाच मजले तिच्या पोटऱ्यांत ठणकत होते. हो म्हणावंसं वाटलं तिला, खोटं कशाला बोला. दीड वर्ष जे कागदांनी झालं नाही, ते एका चपातीने होत होतं. तिच्यासाठी मात्र नव्हतं ते, शनीसाठी होतं. त्या बदल्यात डॅनी द्यायचा होता.

मुठीत तिला डॅनीची ओढ जाणवली. चपाती पुन्हा त्याच्या तोंडाशी आली होती.

“हाड,” श्रुतिका म्हणाली.

डॅनी हलला नाही. त्याला तो शब्द कुणी शिकवलाच नव्हता. नंदकिशोर काका दोन पावलं मागे सरले.

“फॉरवर्ड,” ती म्हणाली, आणि दोघं गेटबाहेर पडली.