पत्ता मॅडमची हार्ड डिस्क

आमच्या मॅडमना कुठल्याही गोष्टीचा अर्धा पत्ता चालायचा नाही. "मॅडम, फाइल सापडत नाही," असं कुणी म्हटलं की त्या मान वर न करता विचारायच्या, "कुठं सापडत न्हाय?" आता सापडत नाही म्हणजे सापडत नाही, त्यात कुठं काय सांगायचं? पण त्या सोडायच्या नाहीत. पहिल्या फोल्डरपासून कुठं कुठं बघितलंस ते वदवून घ्यायच्या. त्यावरून धाराशिवच्या आमच्या कॉलेजात त्यांचं नाव पत्ता मॅडम पडलं होतं. त्यांच्या कानावर ते गेलेलं होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे.

त्या आम्हाला जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवायच्या, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे दरवर्षी नव्याने अर्ज, नव्याने मुलाखत, आणि ऑर्डर हातात पडेपर्यंत जीव टांगणीला. सात वर्षं त्यांचं हेच चाललं होतं. रोज माकणीहून एसटीनं यायच्या, बहुतेक वेळा उभ्यानं. वर्गात आल्या की आधी खुर्ची ओढायच्या. "बसून सांगते गं, पाय भरून आलेत," असं म्हणायच्या आणि मग तासभर न थांबता सांगायच्या. त्यांना हसताना मी पाहिलंय, पण ताजंतवानं कधी पाहिलं नाही.

लॅबमध्ये वीस मशीन होती आणि इंटरनेट असून नसल्यासारखं. जावाच्या प्रोजेक्टमध्ये सगळं आपण लिहीत नाही, दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या लायब्रऱ्या लागतात. प्रोजेक्ट जुळवणारं एक टूल असतं. ते या लायब्रऱ्या नेटवरून आणतं आणि आपल्याच डिस्कवर एका फोल्डरमध्ये साठवून ठेवतं. एकदा आणल्या की पुन्हा नेट लागत नाही. आमची बोंब होती ती पहिल्यांदा आणण्याचीच. म्हणून मॅडम घरी मोबाईलच्या नेटवर सगळं उतरवून घ्यायच्या, हार्ड डिस्कवर भरायच्या आणि ती डिस्क ब्लाउजपीसात गुंडाळून आणायच्या. सत्राच्या पहिल्या आठवड्यात वीसच्या वीस मशीनवर स्वतः कॉपी करायच्या. लॅब असिस्टंटचं काम होतं ते. पण त्याला सांगण्यापेक्षा आपण केलेलं बरं, असं त्यांचं मत होतं.

साठवणीचा तो फोल्डर सहज दिसत नाही, कारण त्याच्या नावाआधी टिंब असतं. कंट्रोल आणि एच दाबलं की दिसतो. आत फोल्डरात फोल्डर: आधी लायब्ररी बनवणाऱ्या संस्थेचं नाव, मग लायब्ररीचं, मग आवृत्तीचा आकडा, आणि तिथं ती फाइल. मॅडम फळ्यावर लिहायच्या: जिल्हा धाराशिव, तालुका लोहारा, गाव माकणी, देवळामागचं तिसरं घर. "पोस्टमनला नुसतं माकणी सांगून भागतं का? तसंच हे," म्हणायच्या. आम्ही माना डोलवायचो. मी तर वहीत आकृती काढून तिला चौकटसुद्धा केली होती.

आणि एवढं करून मी काय केलं? शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट करताना एक लायब्ररी टूलला सापडेना. मॅडमची डिस्क तेव्हा माझ्याच मशीनला लावलेली होती, त्यात ती फाइल मला दिसली. मी सरळ त्या डिस्कवरचा पत्ता माझ्या प्रोजेक्टमध्ये लिहून टाकला. प्रोजेक्ट चालला. चाललं ना, मग हात कशाला लावायचा, असा माझा तेव्हा खाक्या होता. मॅडमची डिस्क रोज माझ्या मशीनला असायचीच, त्यामुळे पुढे दोन महिने मला काही कळलं नाही.

प्रोजेक्टची परीक्षा आणि मॅडमची मुलाखत नेमकी एकाच दिवशी आली. सोलापूरच्या एका कॉलेजात कायमची जागा निघाली होती. "या जागा परत कधी निघतील सांगता येत न्हाय. ही मिळाली तर सुटले," असं त्या आदल्या दिवशी आम्हाला म्हणाल्या. मुलाखतीत काही दाखवावं लागलं तर असावं, म्हणून डिस्क त्यांनी बरोबर नेली होती. इकडे सकाळी नऊला बाहेरचे परीक्षक आले, मी प्रोजेक्ट सुरू केला आणि लायब्ररी सापडत नाही म्हणून तो बंद पडला. पुण्यातली नोकरी मला लागलेली होती, फक्त पास व्हायचं होतं. मी बाहेर येऊन मॅडमना फोन लावला.

त्या धाराशिवच्याच स्टँडवर होत्या, सोलापूरची गाडी लागलेली होती. "कुठली फाइल? त्या मशीनवर बघितलंस का?" त्यांनी विचारलं. मी ऐकायच्या मनःस्थितीतच नव्हते. "मॅडम, तुमची डिस्कच लागते, तुम्ही या," एवढंच रडत म्हणत राहिले. मग त्या म्हणाल्या, "थांब. आले."

रिक्षा करून आल्या. मुलाखतीसाठी नेसलेली निळी साडी, खांद्याला पिशवी. परीक्षकांना नमस्कार करून माझ्या खुर्चीत बसल्या, कंट्रोल आणि एच दाबलं, फोल्डर उघडत गेल्या. ती फाइल तिथंच होती, त्याच मशीनवर. सत्राच्या सुरुवातीला त्यांनीच घातलेली. मी लिहिलेली ओळ त्यांनी खोडली, लायब्ररीच्या आवृत्तीचा मी चुकवलेला आकडा नीट केला, प्रोजेक्ट चालू झाला. डिस्क पिशवीतून काढावीच लागली नाही. "इथंच होतं की गं," एवढंच हळू म्हणाल्या आणि गेल्या.

मी पास झाले. पुण्याला गेले. मॅडमनी पुढे दोन वर्षं तशीच तासिकांवर काढली आणि मग शिकवणं सोडलं, असं कानावर आलं. ते ऐकूनही मी फोन केला नाही. काय तोंडानं करणार?

गेल्या महिन्यात भावाचा एक ऑनलाइन अर्ज भरायला धाराशिवला एका दुकानात गेले, तर काउंटरमागे मॅडम. केस बरेच पिकलेले. ओळखलं त्यांनी लगेच, चहा मागवला. माझ्याच्यानं राहवेना. म्हटलं, "मॅडम, त्या दिवशी मी तुमचं नुकसान केलं. तुम्हाला माझा राग आला असेल."

"आला होता. लई आला होता," त्या म्हणाल्या. "पण डिस्कपायी न्हाय. आले ती मी माझ्या मनानं आले. त्यानंतर महिनाभर तू कॉलेजात होतीस, पेढे घेऊन आलीस. एकदा तरी विचारशील, मॅडम, मुलाखतीचं काय झालं म्हणून. मी वाट बघत होते गं."

भावाचा अर्ज प्रिंटरमधून बाहेर येत होता. "काय झालं मॅडम मुलाखतीचं?" मी विचारलं.

"ती गाडी गेली होती, दुसरीनं एक वाजता पोचले. शिपाई म्हणाला, मुलाखती आटोपल्या, निवडीची यादी वर गेली. तिथंच बाकड्यावर बसून डबा खाल्ला आणि परत आले."

सांगायला त्यांना दोन मिनिटंही लागली नाहीत.