पांढऱ्या दगडाला हळद

ओमानं मला एकच काम सांगितलं होतं, आणि त्याचाही मी पुरता विचका करून ठेवला.

ओमा म्हणजे उइटहॉर्न या डच गावातली आमची शेजारीण. इथलीच, ऐंशीच्या पुढची, एकटी. माझी मुलगी तिला ओमा, म्हणजे आजी म्हणते, म्हणून आम्हीही तेच म्हणतो. देशाच्या पार दक्षिणेला दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या अमेरिकन सैनिकांची दफनभूमी आहे. तिथली एकेक कबर इथल्या एकेका घरानं दत्तक घेतलीय. अधूनमधून जायचं, फुलं ठेवायची. ओमाला तिचा सैनिक आईकडून मिळाला. मोठं शौर्यपदक मिळालेला, आणि वयानं आमच्या ऑफिसातल्या नव्या पोरांएवढा. यंदा ओमाचं खुब्याचं हाड मोडलं.

"फुलं ठेव आणि फोटो काढून आण," ती म्हणाली. "पण नियम मोडू नकोस गं बाई. कबर मिळावी म्हणून लोक रांगेत आहेत. माझी काढून घेतील."

सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या आणि घरात बसून कंटाळल्या होत्या, म्हणून त्यांनाही गाडीत घातलं. हीच घोडचूक.

हिरव्या गवतावर पांढऱ्या संगमरवरी क्रुसांच्या रांगाच रांगा. आमच्या क्रुसावरची अक्षरं तेवढी सोनेरी. सासूबाईंनी विचारलं, याचीच का? म्हटलं, हा फार मोठा पराक्रमी. आणि फुलांसाठी पाणी आणायला गेले. परत येऊन बघते तर क्रुसावर हळदीकुंकवाची ठसठशीत बोटं!

"आई! अहो, काय केलंत हे?"

"काय केलं? वीर ना तो? आमच्या वेशीवरच्या वीरगळाला हळद लावल्याशिवाय कुणी पुढे जात नाही." हळदीकुंकवाची डबी शांतपणे पर्समध्ये परत गेली.

मी लगेच ओला टिश्यू घेऊन पुसायला लागले. कुंकू निघालं, पण हळद पसरली. जितकं पुसावं तितका डाग मोठा. शेवटी तिथला एक कर्मचारी बादली-ब्रश घेऊन आला. त्यानं घासघास घासलं आणि मान हलवली. ऊन लागलं की उतरेल कदाचित, म्हणाला, पण ज्यांच्याकडे ही कबर आहे त्यांना ऑफिसातून फोन जाईल. ऊन! आता या देशात मी ऊन कुठून आणू?

गाडीत मी सासूबाईंवर तोंडसुख घेतलं. एक म्हातारी बाई जन्मभर जपतेय, आणि आपण तिच्या जिवाला घोर लावला! त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "माझ्या दादाला सरहद्दीवरून घरी आणलंच नाही गं. मी कुठे लावायची होती हळद?"

 

परतल्यावर आम्ही दोघींनी जाऊन ओमाला फोटो दाखवला तेव्हा तिचा चेहरा उतरला. "आईनं माझ्या हवाली केलं होतं त्याला," एवढंच म्हणाली. मी घाईघाईनं वीरगळाचं सांगितलं, दादाचं सांगितलं, माफी मागितली. ती सासूबाईंकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "विचार तिला, त्याची कबर कोण सांभाळतं?"

मी विचारलं. सासूबाईंनी नुसती मान हलवली. "कबरच नाही त्याला."

तेवढ्यात ओमाचा फोन वाजला. दफनभूमीतूनच होता.  ओमा बराच वेळ ऐकत होती, हो हो म्हणत होती. मग ताठ बसून ठणकावून म्हणाली, "परक्या कशा? माझ्याच घरच्या बायका आहेत त्या. चूक आमची आहे. पुन्हा होणार नाही."

पुन्हा ऐकलं, आभार मानले, फोन ठेवला. मी विचारलं, "काढून घेतली का?"

"नाही." तिनं डोळे पुसले आणि सासूबाईंचा हात धरला. "तिला सांग, हळद चालत नाही. पिवळी फुलं चालतात. पुढच्या वेळी दोन गुच्छ घेऊ, एक तिच्या भावाचा."