जंगलातून काहीच न आणणारं गाव

"या गावातली बहुतेक कुटुंबं जळणाखेरीज जंगलातून काही आणत नाहीत," असं मी गावाच्या बैठकीत वाचून दाखवलं आणि अंगणवाडीच्या सुनीताताईंनी ते तिथल्या पावरी बोलीत सांगितलं. मग मागच्या बायका हसायला लागल्या. मला वाटलं, भाषांतरात काही गंमत झाली असावी.

तळोद्यापासून जीपने दोन तास वर, सातपुड्यातलं हे गाव. मी अर्थशास्त्राची संशोधक. लोकांचं पोट शेतीवर किती, मजुरीवर किती आणि जंगलावर किती चालतं, हे घरोघर विचारायचं, हे माझं काम. रिपोर्ट देण्याआधी निष्कर्ष गावापुढे वाचून दाखवायची आमच्याकडे पद्धत आहे. खरं सांगायचं तर मी ती उरकायची बाब समजत होते.

या वेळी निष्कर्षाला वजन होतं. गावावरच्या डोंगरउतारावर कुंपण घालून रोपं लावायची सरकारी योजना होती. त्याने लोकांचं काही अडेल का, एवढंच आम्हाला विचारलं होतं. माझ्या तक्त्यात उत्तर स्पष्ट होतं: नाही. आमच्या पुण्याच्या सरांना ते फार आवडलं होतं. जंगलाला लागून राहणारे लोक जंगलावर अवलंबून नाहीत, हे त्यांना नवीन वाटलं. मलाही वाटलं. खरं तर तेव्हाच शंका यायला हवी होती. मी मात्र परिषदेत वाचायच्या पेपरचं शीर्षक शोधू लागले होते.

हसणाऱ्यांतल्या एक म्हाताऱ्या बाई, सायकीबाई, उठून घरी गेल्या. रागावल्या असतील असं समजून मी पुढचं पान उलटलं. त्या परत आल्या त्या सुकवलेल्या मोहफुलांची टोपली घेऊन. टोपली माझ्यापुढे ठेवली आणि काहीतरी बोलल्या.

"हे कुठून आलं, असं विचारतात," सुनीताताई म्हणाल्या.

"मोहाच्या झाडावरून."

"आणि झाड कुठे आहे?"

मी डोंगराकडे बोट केलं. "जंगलात."

मग थोड्या फणकाऱ्यानेच मी विचारलं, की 'जंगलातून काही गोळा करता का' या प्रश्नाला तुमच्या घरून 'नाही' कसं आलं? सायकीबाईंनी शांतपणे उत्तर दिलं. ते मला सांगताना सुनीताताई जमिनीकडे बघत होत्या.

"जंगल सरकारचं. त्यातलं आम्ही काही घेत नाही. झाड माझ्या सासूचं होतं, आता माझं आहे."

डोंगरातलं कुठलं मोहाचं झाड कोणाच्या घरचं, हे तिथे पिढ्यानपिढ्या ठरलेलं असतं. उन्हाळ्याच्या तोंडाला फुलं गळतात, बायका पहाटे जाऊन आपापल्या झाडाखालची वेचतात. अर्धं वर्ष त्या फुलांवर निघतं. आमचे फॉर्म भरले होते पुरुषांनी. त्यांच्यातल्या एकाने मग आणखी एक गोष्ट सांगितली. जीपमधून कागद घेऊन उतरलेला माणूस 'जंगलातून काय नेता' असं विचारतो, तेव्हा शहाण्याने 'काही नाही' म्हणायचं असतं.

प्रश्न क्रमांक चौदा. तो मीच लिहिला होता. वर त्याचा पायलटही केला होता, म्हणजे सर्व्हेआधी थोड्या लोकांवर प्रश्न तपासून घेतला होता. कुठे? तर कळसाडीला, माझ्या मामांच्या गावी. तिथे कापूस आणि ऊस. प्रश्न सगळ्यांना चटकन समजला होता. मामा तेवढे म्हणाले होते, "आठे जंगल कोठे शे?" म्हणजे, इथे जंगल आहेच कुठे? ती मी मामांची थट्टा समजले. मी जिल्ह्यातलीच, मला इथलं सगळं कळतं, हा माझा जुना आजार.

खालच्या वळणावर रेंज मिळते. तिथून सरांना फोन केला.

"सर, तक्ता सात चुकलाय."

"कोणाचा?"

"माझा."

"कितपत?"

"पूर्ण."

सर म्हणाले, रिपोर्ट सोमवारी द्यायचाय. मी म्हटलं, आठ दिवस मागून घ्या, कारण मी सांगते. कारण लेखी द्यावं लागलं. स्वतःच्या चुकीवर मी इतकं सुटसुटीत मराठी पूर्वी कधी लिहिलं नव्हतं.

मग आम्ही जीप खालीच ठेवली आणि बायकांबरोबर उतार चढलो. प्रश्न एकच: तुमची झाडं कुठली? सायकीबाईंच्या एका झाडाचं नाव आळशी, कारण ते सगळ्यांच्या नंतर फुलतं. मी प्रत्येक झाड नकाशावर मांडत गेले आणि दर अर्ध्या तासाला बसत गेले. माझ्या दुप्पट वयाच्या बाया उभ्यानेच माझी वाट बघायच्या. शेवटी एकाही घराचं उत्तर 'नाही' राहिलं नाही.

कुंपण झालं, पण त्याची रेघ बरीच वर सरकली. काही झाडं तरीही आत राहिली. त्यांच्यासाठी फाटक ठेवलंय, आणि त्याची किल्ली कोणाकडे असावी यावर अजून बैठका होतात. सायकीबाईंचं एक झाड आत आहे. मी भेटले की त्या ते मला न चुकता सांगतात.

परिषदेतला पेपर झाला नाही. हल्ली एखाद्या प्रश्नाला सगळं गाव एकमुखाने 'नाही' म्हणालं, की मी गावाबद्दल काही लिहीत नाही. आधी तो प्रश्न कोणी लिहिलाय ते बघते. बहुतेक वेळा मीच असते.